बोस्टन : चहा, कर आणि साहेबांचा पगार

शुक्रवार

माझी सगळी नोकरी विक्रीकर खात्यात गेली. त्यामुळे विमानतळावरून घरी नेताना भाच्यानं "मामा, बोस्टनमध्ये काय काय बघायचंय तुला?" असं विचारलं, तेव्हा हार्वर्ड, मत्स्यालय वगैरे बाजूला सारून मी सांगितलं, "लोकांनी कर भरायला कुठे कुठे नकार दिला, तेवढं दाखव." त्याला ती गंमत वाटली. मी मनापासून बोलत होतो. जन्मभर वसुलीच्या टेबलामागे बसलेल्या माणसानं एकदा टेबलाच्या पुढच्या बाजूलाही जाऊन यावं.

एप्रिलची सुट्टी लागली होती, म्हणून त्याची पाचवीतली मुलगी बरोबर होती. नात इथेच वाढलेली. शाळेत हा सगळा इतिहास नुकताच झालेला, त्यामुळे गाइडचा खर्च वाचला. फ्रॅमिंगहॅमहून लोकलनं साउथ स्टेशन आणि तिथून चायनाटाउनच्या कडेनं चालत एसेक्स आणि वॉशिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर आलो. समोरच्या जुन्या इमारतीवर बऱ्याच उंचीवर एका झाडाचं कोरीव शिल्प आहे. खालून जाणाऱ्यांपैकी कुणी मान वर करत नव्हतं.

बोस्टन आणि भोवतालचा मॅसॅच्युसेट्स प्रांत ब्रिटिशांची वसाहत होता, तेव्हा इथे एल्मचा एक प्रचंड वृक्ष होता. 14 ऑगस्ट 1765 च्या सकाळी त्याच्या फांदीला अँड्र्यू ऑलिव्हर या प्रतिष्ठित गृहस्थाचा पुतळा लटकत होता. गुन्हा काय, तर लंडनच्या पार्लमेंटनं त्या मार्चमध्ये मुद्रांक कायदा केला होता आणि मॅसॅच्युसेट्समध्ये स्टॅम्पचे कागद वाटायचं काम ऑलिव्हरकडे येणार होतं. अंमल 1 नोव्हेंबरपासून. म्हणजे बिचाऱ्यानं अजून एकही स्टॅम्प विकला नव्हता! संध्याकाळी जमावानं त्याच्या मालकीची एक नवी इमारत पाडली, घराच्या काचा फोडल्या. ऑलिव्हरनं राजीनाम्याचा शब्द दिला. तेवढ्यावरही भागलं नाही. डिसेंबरात त्याला भर पावसात याच झाडाखाली आणून पुन्हा एकदा, सगळ्यांसमक्ष, राजीनामा म्हणवून घेतला.

आता सरकारची बाजूही ऐका, कारण ती मला चटकन कळते. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध 1763 मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळजवळ दुप्पट होऊन 13 कोटी पौंडांच्या आसपास गेलं होतं. अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचे होते. इंग्लंडमधला माणूस डोक्यामागे वर्षाला साधारण 26 शिलिंग कर देत होता आणि मॅसॅच्युसेट्समधला अवघा एक, असा एका इतिहासकाराचा हिशोब आहे. तुमच्या रक्षणाचा थोडा खर्च तुम्ही सोसा, हे म्हणणं काही जुलमी वाटत नाही. मग "आमचा प्रतिनिधी तुमच्या सभागृहात नाही" ही तक्रार? लंडनचं उत्तर तयार होतं : मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचे तरी कुठे आहेत? पार्लमेंट सगळ्यांचंच प्रतिनिधित्व करतं.

पण कर आखणाऱ्यानं काय आखलं ते पाहा. खरेदीखत, करारनामा, कोर्टाचे अर्ज, दारूचा परवाना, वर्तमानपत्र, पंचांग, पत्त्यांचा जोड, सोंगट्यांचे फासे, कॉलेजची पदवी, सगळ्यावर स्टॅम्प. पैसे इंग्लंडच्या चलनात द्यायचे, आणि ते वसाहतीत आधीच दुर्मीळ. खटला झाला तर तो ज्युरी नसलेल्या आरमारी कोर्टातही चालवता येणार. वकील, छापखानेवाले आणि गुत्तेवाले या तिघांना एकाच दिवशी दुखवायचं, हे आमच्याकडच्या नव्या इन्स्पेक्टरनंसुद्धा केलं नसतं. एक लिहिणार, दुसरा छापणार आणि तिसऱ्याच्या गुत्त्यात बसून लोक ते वाचणार!

जेवून कॉमनवर, म्हणजे शहराच्या मधल्या जुन्या मैदानावर आलो. कायदा रद्द झाला 18 मार्च 1766 ला आणि ती बातमी जहाजानं बोस्टनला पोहोचली 16 मेला. दोन महिने माणसं रद्द झालेल्या कायद्यावर चिडून होती. सरकार लांब असलं की असं होतं. मग याच मैदानावर दारूकाम झालं, पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिरानं तेलकागदाचा 280 दिव्यांचा मनोरा उभारला आणि तो त्याच रात्री पेटून खाक झाला. मुद्रांक कायदा रद्द केला त्याच दिवशी पार्लमेंटनं दुसराही एक कायदा केला होता : वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करायचा अधिकार आमचाच. आनंदाच्या भरात तो फारसा कुणी मनावर घेतला नाही.

जेवणाचं बिल मी खिशात जपून ठेवलंय. राज्याचा 6.25 टक्के आणि शहराचा 0.75, मिळून 7 टक्के, वेगळ्या ओळीत छापलेला. बिल बघून हळहळणारा भाचा टीव्ही घ्यायला मात्र शेजारच्या न्यू हॅम्पशायरला जाऊन आला होता, कारण तिथे विक्रीकर नाही. मॅसॅच्युसेट्सच्या विवरणपत्रात अशा खरेदीवरचा कर स्वतःहून भरायची एक ओळ असते म्हणे. ती भरलीस का, असं मी विचारलं. त्यानं विषय बदलला.

शनिवार

ओल्ड स्टेट हाउस ही 1713 ची विटांची इमारत. उंच काचेच्या इमारतींच्या घोळक्यात ती एवढीशी दिसते. छपरावर ब्रिटिश सिंह आणि युनिकॉर्न पुन्हा बसवलेत. मूळचे 1776 मध्ये जाळले होते. तळाशी मेट्रोचं स्टेशन आहे.

वरच्या मजल्यावरच्या कौन्सिलच्या दालनात मी बराच वेळ बसलो. इथे 1761 च्या फेब्रुवारीत जेम्स ओटिस नावाचा वकील जकात खात्याच्या झडती वॉरंटांविरुद्ध तासन्‌तास बोलला होता. त्या वॉरंटावर ना घरमालकाचं नाव असायचं, ना मालाचं वर्णन. राजा जिवंत असेपर्यंत आणि वर सहा महिने ते चालायचं. तेवढ्यात दुसरा जॉर्ज वारला, म्हणून वॉरंटं नव्यानं काढायची वेळ आली आणि ओटिसला संधी मिळाली. खटला तो हरला. पण पकडलेल्या मालाचे तीन वाटे होत, एक राजाला, एक गव्हर्नरला आणि एक पकडणाऱ्याला, हे तिथे वाचलं आणि माझ्यातला निवृत्त अधिकारी ताठ झाला. जप्तीत हिस्सा मिळणारा अधिकारी धाडी कशा घालेल, ते मला कुणी समजावून सांगायला नको. एवढं करून अमेरिकेतली जकात वर्षाला दोनेक हजार पौंड जमायची आणि ती जमवायला खर्च यायचा आठेक हजार!

माझ्या मते या सगळ्या भांडणाची नाडी याच दालनात सापडते. फलकांवर ती ठळक दिसत नाही. नाडी म्हणजे गव्हर्नरचा पगार.

गव्हर्नर नेमायचा राजा, पण त्याचा पगार मंजूर करायची मॅसॅच्युसेट्सची विधानसभा, आणि तोही एकेका वर्षापुरता. साहेब नीट वागले तर पुढच्या वर्षी बघू. 1728 मध्ये बर्नेट नावाचा गव्हर्नर आला आणि कायमचा वर्षाला हजार पौंड पगार द्या म्हणून हटून बसला. विधानसभेनं त्याला एकरकमी देणग्या देऊ केल्या, कायमचा पगार नाही. तो वर्षभर भांडला आणि भांडता भांडताच वारला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्या शेतकरी आमदारांना पक्कं ठाऊक होतं आणि पोळपाट त्यांना आपल्याच हातात ठेवायचा होता.

1767 मध्ये टाउनशेंड या अर्थमंत्र्यानं काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर आयात कर बसवला. रकमा किरकोळ. पण कायद्याच्या प्रस्तावनेत हेतू लिहिला होता : या पैशातून वसाहतींमधला न्यायदानाचा आणि मुलकी कारभाराचा खर्च भागवायचा. म्हणजे गव्हर्नर आणि न्यायाधीश यांना पगार लंडनहून. पुढे 1770 मध्ये बाकीचे कर उठले, फक्त चहावरचा पौंडामागे तीन पेन्सचा राहिला. 1772 मध्ये गव्हर्नर हचिन्सननं जाहीर केलं की मी आता पगार राजाकडून घेतो, विधानसभेनं काळजी करू नये. पाठोपाठ न्यायाधीशांचीही तीच व्यवस्था होणार अशी बातमी आली. बोस्टनच्या विरोधकांचा पुढारी सॅम्युएल ॲडम्स यानं गावोगावी पत्रं धाडणारी समिती काढली ती यावरून. बाकीच्या न्यायाधीशांनी माघार घेतली, मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर (अँड्र्यूचाच भाऊ) मात्र राजाचा पगार सोडेना. 1774 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कोर्टात ज्युरीची माणसं शपथ घ्यायलाच तयार होईनात. त्यांत पॉल रिव्हिअर होता.

नातीला यातलं काही ठाऊक नव्हतं. "शाळेत फक्त टी पार्टी शिकवली," ती म्हणाली. सगळीकडे तेच होत असावं. समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेटीचं चित्र काढता येतं, पगारपत्रकाचं कसं काढणार?

इमारतीबाहेर गोट्यांचं एक वर्तुळ जमिनीत बसवलंय, 5 मार्च 1770 ला ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराची खूण. पाच जण गेले. लोक त्यावर पाय ठेवून फोटो काढत होते. त्या सैनिकांचं वकीलपत्र विरोधकांच्याच बाजूच्या जॉन ॲडम्सनं घेतलं आणि आठांपैकी सहा निर्दोष सुटले, ही गोष्ट मला गोळीबारापेक्षा मोठी वाटते.

रविवार

आज चहा. काँग्रेस स्ट्रीटच्या पुलाला लागून संग्रहालय आहे. मूळ ग्रिफिन धक्का भरावाखाली गाडला गेला. इथे जुन्या जहाजांच्या प्रतिकृती तरंगतात. तिकीट बरंच आहे. आत शिरताना प्रत्येकाच्या हातात एकेक पीस आणि एका दंगेखोराच्या नावाचं कार्ड देतात. सभा भरते, नट ओरडतात, आपण "हुज्जा!" म्हणायचं. मग जहाजावर जाऊन दोरी बांधलेलं चहाचं गाठोडं पाण्यात टाकायचं आणि पुढच्या पर्यटकासाठी ओढून वर घ्यायचं. माझ्या वयाला हे शोभेना, तरी टाकलं. नातीनं दोनदा टाकलं.

खरी पाहण्यासारखी वस्तू शेवटी येते. फिरत्या काचेत ठेवलेली एक लहानशी लाकडी पेटी, त्या रात्रीची. रॉबिन्सन नावाच्या मुलाला ती दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सापडली आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिली. कडा झिजलेल्या, कोपरे गोल झालेले. मुलांनी त्यात बाहुल्या ठेवल्या, एकदा मांजरीनं पिल्लंही घातली म्हणतात.

चहा चीनचा, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भारतात तेव्हा चहाची लागवड नव्हती. पण मालक आपल्या चांगल्याच ओळखीचा, ईस्ट इंडिया कंपनी. तारखा शेजारी ठेवून बघा. 12 ऑगस्ट 1765 ला अलाहाबादेत बादशहा शाह आलमनं बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, कंपनीला दिला. दोनच दिवसांनी बोस्टनच्या एल्मवर ऑलिव्हरचा पुतळा लटकला. बंगालच्या रयतेला कुणी विचारलं नाही. 1770 च्या दुष्काळात तिथे माणसं लाखांनी मेली, लष्करी खर्च वाढला, लंडनच्या गोदामांत सुमारे पावणेदोन कोटी पौंड वजनाचा चहा पडून राहिला आणि कंपनी बुडायला आली. तिला तारायला 1773 मध्ये पंतप्रधान लॉर्ड नॉर्थनं कर्ज दिलं आणि कंपनीनं चहा थेट अमेरिकेत विकावा अशी सवलत दिली. त्याच वर्षाअखेर पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सननं टोपणनावानं एक पत्र छापलं : याच कंपनीच्या लोभापायी बंगालमध्ये पंधरा लाख माणसं उपाशी मेली, आता ती आपल्याकडे बघते आहे. पुण्यात तेव्हा नारायणरावांच्या खुनानंतरचा गोंधळ चालू होता. असं पत्र लिहायची उसंत कुणाला होती?

आणि गंमत म्हणजे या सवलतीनं बोस्टनला चहा स्वस्त पडणार होता, चोरट्या डच चहापेक्षाही. मग फेकला का? चोरटा व्यापार करणाऱ्यांचं पोट दुखलं हे खरंच आहे, त्यांना हुतात्मे करायची गरज नाही. पण तीन पेन्स तसेच ठेवले होते. डाउड्सवेल नावाच्या खासदारानं नॉर्थला बजावलं होतं की तेवढा कर काढून टाक, नाहीतर ते लोक चहा घेणार नाहीत. नॉर्थ ऐकेना, कारण त्यातूनच तर गव्हर्नर-न्यायाधीशांचे पगार निघत होते. म्हातारी मेल्याचं दुःख नव्हतं, काळ सोकावत होता. त्यात चहा विकायचं काम ज्यांना मिळालं त्यांत हचिन्सनचे दोन मुलगे. बापाचा पगार चहाच्या करातून आणि मुलांचा धंदा चहाचा! आमच्याकडे एवढ्यावर चौकशी लागली असती.

दुपारी ओल्ड साउथ मीटिंग हाउस. आत पांढऱ्या रंगाचे, दार असलेले चौकोनी बाक. 16 डिसेंबर 1773 ला इथे आत-बाहेर मिळून पाच हजार माणसं जमली होती, आणि शहराची वस्ती होती साधारण सोळा हजार. चहा घेऊन आलेल्या 'डार्टमथ' जहाजाची वीस दिवसांची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. तोवर कर भरला नाही तर जकात खातं माल जप्त करून उतरवणार. जहाजाचा तरुण मालक रॉच परत जायचा परवाना मागायला मिल्टनला हचिन्सनच्या घरी गेला होता. अंधार पडल्यावर तो नकार घेऊन परतला. त्यानंतरच्या तीनेक तासांत 340 पेट्या पाण्यात गेल्या. ओहोटी असल्यानं चहाचे ढीग जहाजांच्या कडेला साचले आणि ते पाण्यात ढकलायला पोरं उतरवावी लागली. कुणा माणसाला इजा नाही, जहाजाची मोडतोड नाही. एक कुलूप तुटलं, ते नंतर भरून दिलं. वीस दिवसांच्या मुदतीचं हे कलम आधी ठाऊक असतं तर शाळेत मला हा प्रसंग नीट कळला असता. कर न भरता माल परत पाठवायचा रस्ताच नव्हता.

सोमवार

पेट्रियट्स डेची सुट्टी. पहाटे साडेतीनला उठून लेक्सिंग्टन. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध इथे पेटलं, आणि दरवर्षी ती चकमक इथे नाटकासारखी पुन्हा करून दाखवतात. अंधारात हिरवळीभोवती माणसांची दाटी आणि प्रत्येकाजवळ घरची शिडी! मुलं शिडीवर, आईबाप खाली शिडी धरून. साडेपाचच्या सुमारास लाल डगल्यांतले ब्रिटिश सैनिक झालेले नट आले, आरडाओरडा झाला, धूर झाला, आणि काही मिनिटांत आठ जण गवतावर पडले. 19 एप्रिल 1775 ला आठच गेले होते. पहिली गोळी कुणाची, हे तेव्हाही ठरलं नव्हतं.

मग चर्चमध्ये पॅनकेक. रांगेत भाच्यानं लेवी प्रेस्टनची गोष्ट सांगितली. त्या दिवशी लढलेला हा गडी नव्वदीत असताना एका तरुण अभ्यासकानं त्याला विचारलं, मुद्रांक करानं छळलं होतं का? म्हातारा म्हणाला, स्टॅम्प मी कधी पाहिलाच नाही. चहाचा कर? चहा मी कधी प्यायलो नाही. मग लढलात कशाला? तर म्हणाला, आम्ही आमचा कारभार आम्हीच करत आलो होतो आणि पुढेही करणार होतो. त्यांना ते नको होतं. ओटिसचं भाषण आणि डिकिन्सनची पत्रं एका पारड्यात घातली तरी मी प्रेस्टनचं पारडं खाली जाऊ देईन.

वाहनतळावर वॉशिंग्टन शहराची एक गाडी दिसली. नंबरप्लेटवर प्रतिनिधित्वाशिवाय कर लावणं बंद करा असा मजकूर छापलेला. राजधानीच्या लोकांना आजही काँग्रेसमध्ये मत देणारा खासदार नाही, पण केंद्राचा प्राप्तिकर आहे. परतताना मॅरेथॉनमुळे फ्रॅमिंगहॅमचे रस्ते बंद. दोन तास गाडीत.

मंगळवारी झोप.

बुधवार

स्प्रिंगफील्ड, इथून तासाभरावर. टोलनाके नाहीत, रस्त्यावरच्या कमानी गाडीची चिप वाचून परस्पर पैसे कापतात. हरकत घ्यायला माणूसच समोर नाही! ऑलिव्हरला ही सोय असती तर त्याचं घर वाचलं असतं.

इथल्या शस्त्रागाराचं आता संग्रहालय आहे. खालपासून वरपर्यंत उभ्या रचलेल्या शेकडो बंदुकांची मांडणी बघायला लोक येतात. मी आलो होतो 1787 साठी, कारण चहा फेकणाऱ्यांचं स्वतःचं सरकार आल्यावर काय झालं ते बोस्टनमध्ये फारसं कुणी सांगत नाही.

स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांना पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळाल्या होत्या. घर चालवायला त्यांनी त्या मिळेल त्या भावानं विकल्या. घेणारे सावकार, व्यापारी. युद्धानंतर बोस्टनच्या विधानसभेनं ठरवलं की या चिठ्ठ्या पूर्ण किमतीनं, व्याजासकट फेडायच्या, आणि त्यासाठी डोईपट्टी व जमिनीवरचा कर वाढवला. भरायचा नाण्यांत. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे नाणी नव्हती. गुरं जप्त होऊ लागली, माणसं कर्जापायी तुरुंगात जाऊ लागली. 1786 च्या ऑगस्टमध्ये हॅटफील्डला पन्नास गावांचे लोक जमले. त्यांच्या गाऱ्हाण्यांच्या यादीत एक गाऱ्हाणं असं : विधानसभा बोस्टनला भरते. म्हणजे आता लंडन नाही, बोस्टन लांब झालं होतं.

मग त्यांनी जुनीच युक्ती काढली, कोर्टं बंद पाडायची. कोर्ट नाही तर जप्तीचा हुकूम नाही. 25 जानेवारी 1787 ला बर्फ तुडवत डॅनियल शेज हजारावर माणसं घेऊन या शस्त्रागारावर आला. शेज बंकर हिलवर लढलेला, युद्धात कॅप्टन झालेला. समोर जनरल शेपर्ड, तोही त्याच युद्धातला. तोफेचे पहिले बार डोक्यावरून गेले, पुढचे माणसांत. चार ठार, बाकीचे पांगले. पाठलागाला जी फौज होती तिचा खर्च बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दिला होता, कारण तिजोरीत खडखडाट. आणि सॅम्युएल ॲडम्स? राजाविरुद्ध उठणाऱ्याला एकवेळ माफी असेल, प्रजासत्ताकाविरुद्ध उठणाऱ्याला फाशीच हवी, असं त्याचं मत पडलं.

मला ॲडम्सचा राग आला, पण पुरता नाही. त्याचा मुद्दा होता की आता तुमची माणसं सभागृहात आहेत, मतानं बदला. आणि झालंही तसंच. त्याच वसंतात गव्हर्नर बोडिन निवडणुकीत आपटला, हॅनकॉक आला, कर उतरले, बहुतेकांना माफी मिळाली. हचिन्सनला असं पाडायची सोय कुणाकडेच नव्हती. मात्र उठाव झाला नसता तर बोडिन पडला असता का, असं भाच्यानं विचारलं, आणि त्यावर आमचं परतीच्या वाटेवर वूस्टरपर्यंत जुंपलं.

या दंग्यानं धास्तावलेली मंडळी त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमली आणि त्यांनी नव्या केंद्र सरकारला थेट कर लावायचा अधिकार दिला. शेज पुढे न्यू यॉर्क राज्यात जाऊन राहिला, म्हातारा झाला, आणि युद्धातल्या नोकरीबद्दल त्यानं याच केंद्र सरकारकडे पेन्शनसाठी अर्ज केला. ती मंजूरही झाली. 1825 मध्ये वारला.

"मग तो गुड होता की बॅड, आजोबा?" मागच्या सीटवरून प्रश्न आला.

"मी काय सांगू," मी म्हटलं, "पेन्शनरांबद्दल मी वाईट बोलत नाही."